अर्थ फॉल्ट रिले बंद करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि जोडीला मशीन शॉप, ११ केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या मोटरला अर्थ लागतो, म्हणजे करंट बॉडीतून जमिनीकडे गळतो. त्या मोटरचा ब्रेकर तसाच राहतो आणि मेन एसीबी (कारखान्याचा मुख्य ब्रेकर) उडतो. कधी कधी तर बाहेरचा व्हीसीबीच (११ केव्हीच्या बाजूचा ब्रेकर) 'अर्थ फॉल्ट' दाखवून पडतो. सगळा कारखाना बंद, भट्टीतला रस गोठायला लागतो. वायरमन म्हणतो, ही गळती ओळखून ब्रेकर उडवणारं अर्थ फॉल्टचं सेटिंगच ऑफ करून टाकू. करावं का?

करू नका. आणि कुणी आधीच केलं असेल तर आज संध्याकाळच्या आत पूर्ववत करून घ्या. कारण सविस्तर सांगतो, मग मेन का उडतो ते बघू.

बेळगाव शहर, मच्छे आणि खाली खानापूरकडचा भाग हा बराचसा जांभ्यावर बसलेला आहे. जांभा पाणी धरत नाही आणि मार्च ते मे या दिवसांत वरचे थर कोरडे ठक्क होतात. अशा जमिनीची रोधकता शेकडो ओहम-मीटरपर्यंत सहज जाते. उलट अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत ती १०-२० ओहम-मीटरच्या आसपास मिळते. हा फरक कागदावर किती पडतो ते बघा. ४० मिलिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा पाइप घेऊन अर्थिंगचा खड्डा केला, तर २० ओहम-मीटरच्या काळ्या मातीत त्याचा रोध सुमारे ६ ओहम येतो. तोच पाइप ५०० ओहम-मीटरच्या जांभ्यात ठोकला तर सुमारे १४० ओहम. मीठ-कोळसा घालून, पाणी ओतून तो खाली आणता येतो, पण एका खड्ड्याच्या जिवावर एक ओहम मिळेल अशी आशा आपल्याकडे धरू नये.

आता समजा तुमच्या सँड मलरच्या (वाळू मळायच्या यंत्राच्या) मोटरची बॉडी फक्त स्वतःच्या खड्ड्याला जोडलेली आहे आणि तो खड्डा चांगला म्हणजे ५ ओहमचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा खड्डा १ ओहमचा. एक फेज बॉडीला लागला. ४३३ व्होल्टच्या सिस्टिममध्ये फेजचा व्होल्टेज २५०. लूपमध्ये ६ ओहम, म्हणजे करंट साधारण ४२ अँपिअर. मोटरला ६३ अँपिअरचा एमसीबी (छोटा ब्रेकर) असेल तर त्याच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड आहे, तो दिवसभर उडणार नाही. आणि बॉडीवर? ४२ गुणिले ५, म्हणजे २०० व्होल्टच्या वर. ओल्या वाळूत अनवाणी किंवा भिजलेल्या चपलेत उभा असलेला माणूस त्या बॉडीला हात लावतो. अर्थ फॉल्टचं संरक्षण नसणं म्हणजे हे असं चालू राहणं. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण माणसाला वाचवत नाही, ते केबल आणि मोटर वाचवतं.

याच्यावरचा पहिला उपाय रिलेचा नाही, पट्टीचा आहे. प्रत्येक मशिनच्या बॉडीपासून निघालेली अर्थिंगची पट्टी किंवा वायर पॅनेलच्या अर्थ बसबारला आणि तिथून अखंड धातूच्या मार्गाने ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थला पोचली पाहिजे. मातीतून परत जायची वेळ करंटवर येता कामा नये. अशी सलग पट्टी असेल तर लूपचा रोध ०.१ ओहमच्या आसपास राहतो, त्याच फॉल्टला २,५०० अँपिअर वाहतात आणि ६३ अँपिअरचा सी-कर्व्हचा एमसीबी पापणी लवायच्या आत उडतो, कारण त्याला ३१५ ते ६३० अँपिअर पुरतात. आपल्याकडच्या बऱ्याच शेडमध्ये खड्डे भरपूर खणलेले दिसतात, पण त्यांना एकमेकांशी आणि न्यूट्रलशी जोडणारी पट्टी कुठेतरी भिंतीआड गंजून तुटलेली असते. खड्ड्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असतो, पट्टीचे जॉइंट मात्र कोणी बघत नाही. तुमच्याकडे आधी हेच तपासा: मेन पॅनेलपासून सगळ्यात लांबच्या मशिनच्या बॉडीपर्यंतचा लूप रोध मीटरने मोजा. बोल्टच्या जागी गंज असेल तर तासून, टिन लावून, दोन बोल्टांनी पुन्हा बांधा.

आता मूळ प्रश्न. मोटरचा ब्रेकर न उडता मेन का उडतो?

तुमचा मेन एसीबी ८०० अँपिअरचा आहे असं धरतो; ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा एलटीचा (कमी दाबाच्या, ४३३ व्होल्टच्या बाजूचा) फुल लोड करंट ६६७ अँपिअर, त्याला तोच बसतो. त्या एसीबीच्या रिलीजवर (ब्रेकर उडवणाऱ्या भागावर) अर्थ फॉल्टचं सेटिंग बहुधा ०.२ वर आहे, म्हणजे १६० अँपिअर. खाली एका मोठ्या मोटरच्या फीडरला (तिला वीज नेणाऱ्या लाइनला) २५० अँपिअरचा साधा थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी, म्हणजे ओव्हरलोडच्या उष्णतेवर किंवा शॉर्ट सर्किटच्या मोठ्या करंटवर उडणारा ब्रेकर. पावसात मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरलं, फॉल्ट पूर्ण न लागता अर्धवट लागला आणि २०० अँपिअर अर्थला जायला लागले. एमसीसीबीला हा करंट त्याच्या रेटिंगच्याही खाली दिसतो. त्याचा मॅग्नेटिक भाग दहापटीवर, २,५०० अँपिअरला जागा होतो. मेनला मात्र १६० च्या वर अर्थ करंट दिसला, त्याने आपलं काम केलं. म्हणजे मेन चुकत नाही. अख्ख्या कारखान्यात अर्थ फॉल्ट ओळखू शकणारा तो एकटाच आहे, म्हणून तोच उडतो. खालच्या फीडरना ती नजरच दिलेली नाही.

म्हणून मेनची नजर काढायची नाही, फीडरना द्यायची. प्रत्येक मोठ्या फीडरवर सीबीसीटी (सगळ्या वायरी आतून नेऊन त्यांच्या करंटची बेरीज मोजणारी कडी) आणि अर्थ लीकेज रिले बसवा, एमसीसीबीला रिलेच्या इशाऱ्यावर तो उडवणारी शंट ट्रिप कॉइल जोडा. मशीन शॉपच्या फीडरला ३०० मिलिअँपिअर ते १ अँपिअर, मोठ्या मोटरच्या फीडरला गरजेप्रमाणे ३ अँपिअरपर्यंत, वेळ ०.१ सेकंद. हँड ग्राइंडर, ड्रिल, हातात धरून वापरायची कुठलीही वस्तू ज्या सॉकेटवर लागते तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून उडणारा ब्रेकर), आणि त्यात वेळेचा विलंब अजिबात नको. मग मेनचं अर्थ फॉल्ट १६० अँपिअरवरच ठेवून त्याचा वेळ ०.३ किंवा ०.४ सेकंद करा. फीडर ०.१ सेकंदात सुटला की मेनपर्यंत गोष्ट जातच नाही. सगळे फीडर एकदम करायला पैसे नसतील तर आधी उघड्यावरच्या आणि ओल्या जागेतल्या मोटरी घ्या: कूलिंग टॉवर, पंप, सँड प्लँट.

पण थांबा. सीबीसीटी बसवायच्या आधी न्यूट्रल साफ करून घ्यावा लागेल, नाहीतर नवे रिले पहिल्याच दिवशी उडत बसतील आणि वायरमन म्हणेल, बघा, मी सांगत होतो. कुठल्यातरी लायटिंग डीबीत (वाटप पेटीत) न्यूट्रल मिळाला नाही म्हणून कुणीतरी तो अर्थिंगला जोडलेला असतो, किंवा डीबीत न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यात लिंक मारलेली असते. त्यामुळे रोजच्या सिंगल फेज लोडचा काही करंट अर्थच्या पट्टीतून परत जातो आणि रिलेला तो फॉल्टच वाटतो. ओळखायला सोपं आहे. दुपारी सगळा कारखाना व्यवस्थित चालू असताना मेन अर्थ पट्टीवर टॉंग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावा. तिथे एखाद-दोन अँपिअर दिसले तर समजू शकतो, ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) फिल्टरमधून तेवढं येतं. १५-२० अँपिअर दिसले तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला मिसळलेला आहे. एकेक डीबी बंद करत जा. ज्या डीबीला पट्टीवरचा आकडा खाली पडेल तिथे झाकण उघडा. वडगाव-शहापूरकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्येही हा प्रकार पुष्कळ सापडतो, कारण वायरिंग वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढत गेलेलं असतं.

आणखी एक जागा. तुमचा एसीबी तीन पोलचा असेल आणि सप्लाय चार वायरचा, तर न्यूट्रलवर चौथा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवून तो रिलीजला जोडलेला आहे का बघा. तो नसेल तर रिलीज तीन फेजच्या करंटची बेरीज करतो आणि न्यूट्रलमधून जाणारा असमतोल करंट त्याला अर्थ फॉल्ट दिसतो. वेल्डिंग मशीन दोन-चार एकदम चालली की मेन उडतो, मोटरला काहीच झालेलं नसतं. असा कारखाना पावसाळ्याला दोष देत राहतो आणि चौथा सीटी खोक्यात पडून असतो.

आता व्हीसीबी. इथे तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमचा ट्रान्सफॉर्मर डीवायएन-११ आहे, म्हणजे एचटी बाजू डेल्टा, एलटी बाजू स्टार. एलटीत कितीही मोठा अर्थ फॉल्ट झाला तरी एचटीच्या तीन वायरींतल्या करंटची बेरीज शून्यच राहते. बेरजेत उरणारा भाग, म्हणजे झिरो सिक्वेन्स, डेल्टा बाहेर जाऊ देत नाही. एलटीचा ठोस अर्थ फॉल्ट एचटीच्या दोन फेजमध्ये जातो-येतो असा, तीन फेज फॉल्टच्या साधारण ५८ टक्के करंट होऊन दिसतो. त्यावर व्हीसीबी ओव्हरकरंटने उडू शकतो, अर्थ फॉल्टने उडू शकत नाही. मग तुमच्या व्हीसीबीवर 'अर्थ फॉल्ट' दिसतोय तो कुठून आला?

तीन शक्यता. पहिली, खरंच एचटी केबलमध्ये, टर्मिनेशनमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या एचटी बुशिंगवर ओल आहे. पावसातच होत असेल तर केबल उघडून मेगर करा, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजा. आउटडोअर किटच्या शेडखाली काळी रेघ दिसते का पाहा, ती ट्रॅकिंगची, म्हणजे पृष्ठभागावरून करंट सरकल्याची असते. दुसरी, सीटीच्या जोडणीत चूक. तीनपैकी एका सीटीची एस-१, एस-२ टोकं उलटी लागली असतील तर बेरजेत त्या फेजचा करंट दुप्पट होऊन उरतो. लोड २० अँपिअर असेल तर रिलेला ४० अँपिअरचा अर्थ फॉल्ट दिसतो. लोड कमी असताना सगळं ठीक आणि भट्टी पूर्ण दाबात आली की व्हीसीबी पडतो, असं होत असेल तर संशय इथेच घ्या. तिसरी, ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना येणारा इनरश. तो फुल लोडच्या आठ ते बारा पट असतो, त्यात डीसीचा भाग मोठा असतो, तीन सीटी सारख्या प्रमाणात सॅच्युरेट होत नाहीत आणि खोटी बेरीज तयार होते. त्याला ०.१ सेकंदाचा विलंब किंवा न्यूमरिकल रिलेतलं सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग पुरतं.

सीटीच्या बेरजेऐवजी केबलवर सीबीसीटी बसवलेला असेल तर त्याची एक खास चूक असते. मच्छ्याच्या एका शेडमध्ये बघितलेली सांगतो. एचटी केबल सीबीसीटीतून वर गेली होती, ग्लँड (केबल पकडणारा जोड) सीबीसीटीच्या वर होता आणि स्क्रीनची (कोअरभोवतीच्या धातूच्या आवरणाची) अर्थ वायर तिथूनच थेट बॉडीला बोल्ट केलेली. केबलच्या आत अर्थ फॉल्ट झाला की जाणारा करंट कोअरमधून आणि परत येणारा स्क्रीनमधून, दोन्ही सीबीसीटीच्या आतून जात होते, बेरीज शून्य, रिले आंधळा. ती स्क्रीनची वायर सीबीसीटीतून पुन्हा खाली ओढून मग अर्थला जोडायची असते. हाताएवढ्या वायरचा प्रश्न, पण त्यावर सगळं संरक्षण अवलंबून असतं.

डेल्टामुळे एक फायदाही मिळतो. एचटीच्या अर्थ फॉल्टला एलटीची वाट बघायची गरज नाही. तो सीटीच्या रेटिंगच्या १० ते २० टक्क्यांवर, जवळजवळ लगेच उडणारा ठेवता येतो. ठेवावाच, कारण तुमच्या केबलचा फॉल्ट तुमच्या व्हीसीबीने सोडवला नाही तर सबस्टेशनचा ११ केव्ही फीडर पडतो आणि तुमच्याबरोबर अख्ख्या गल्लीतले कारखाने बसतात.

ओव्हरकरंटचा हिशेब असा. एचटीचा फुल लोड २६ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पेडन्स ४.५ टक्के धरला तर एलटी बसबारवरचा तीन फेज फॉल्ट १४.८ किलोअँपिअर, तो एचटीत ५८३ अँपिअर दिसतो. सीटी ५०/५ असेल तर पिक-अप (रिले जागा होण्याचा करंट) ३५ अँपिअर घ्या. ५८३ म्हणजे त्याच्या १६.७ पट. स्टँडर्ड इनव्हर्स कर्व्हवर (करंट वाढेल तसा वेळ कमी होणाऱ्या आलेखावर) टाइम मल्टिप्लायर, म्हणजे वेळेचा गुणक, १ ला २.४ सेकंद येतात, ०.१५ ठेवला तर ०.३६ सेकंद. एलटी एसीबीचा शॉर्ट टाइम ०.१ सेकंद ठेवला की दोघांमध्ये पाव सेकंदाचं अंतर मिळतं, तेवढं पुरेसं आहे. इन्स्टंटेनियस (विलंबाशिवाय उडण्याची मर्यादा) ७५० अँपिअरवर: एलटीच्या कुठल्याही फॉल्टच्या वर, इनरशच्याही वर, पण एचटी केबलचा फॉल्ट आला की क्षणात. तुमच्या नेमप्लेटवर इम्पेडन्स वेगळा असेल तर हे आकडे बदलतील, तसेच उतरवून घेऊ नका.

वरच्या बाजूचा आकडा हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे असतो. तुमच्या फीडरचा सबस्टेशनवरचा सीटी रेशो, ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्टचा पिक-अप, टाइम मल्टिप्लायर, इन्स्टंटेनियस, हे सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज देऊन मागा. जुनी मंडळी हेस्कॉमला अजून केईबी म्हणतात; नाव कुठलंही घ्या, पण अर्ज लेखीच द्या. त्यांचा इन्स्टंटेनियस खूप खाली ठेवलेला असेल तर तुम्ही काहीही केलं तरी दोघं एकदम पडणार, आणि तो विषय त्यांच्याशी बसूनच सोडवायचा.

भट्टीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण इथे माल नव्हे, माणसं जातात. इंडक्शन भट्टीचा स्वतःचा ग्राउंड लीकेज डिटेक्टर असतो. क्रुसिबलच्या तळाशी रसाला टेकणारी तार असते; लायनिंग झिजून रस कॉइलपर्यंत आला की तो ओळखतो आणि भट्टी बंद करतो. कॉइलमध्ये पाणी खेळत असतं. रस आणि पाणी एकत्र आलं तर स्फोट होतो. मेनचा अर्थ फॉल्ट आणि हा डिटेक्टर एकच समजून कुणी हा बायपास केला असेल तर भट्टी चालवूच नका. आणि सप्लाय गेल्यावर कॉइलला पाणी मिळत राहिलं पाहिजे. त्यासाठी वर टाकी हवी, पंपाचा फीडर बाकीच्यांपासून अलग हवा आणि तो जनरेटरवर सगळ्यात आधी आला पाहिजे.

जनरेटरवर असताना हिशेब बदलतो. १२५ केव्हीएच्या सेटचा फुल लोड १७४ अँपिअर. फॉल्टला तो चांगल्या एक्साइटेशनवर (चुंबक तयार करणाऱ्या पुरवठ्यावर) तिप्पट, म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास देतो, साध्या सेटवर तेवढंही टिकत नाही. ८०० अँपिअरच्या मेनच्या सेटिंगवर विसंबून चालणार नाही, सेटच्या ब्रेकरला स्वतःचं वेगळं सेटिंग द्या. चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) चार पोलचा हवा. नाहीतर दोन न्यूट्रल एकत्र राहून पुन्हा तोच खोटा अर्थ करंट.

वळवाच्या विजांसाठी: ११ केव्हीवर ९ केव्हीचे लायटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारे) ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगच्या जितके जवळ बसतील तितके बसवा. खाली जाणारी वायर सरळ आणि आखूड ठेवा. १० किलोअँपिअरचा झटका ८ मायक्रोसेकंदात चढला तर वायरच्या दर मीटरला सव्वा केव्हीची भर ट्रान्सफॉर्मरवर पडते. वळणं घेत, बांधून ठेवलेली पाच मीटर वायर म्हणजे सहा केव्हीच्या वर भर.

याच जांभ्याची दुसरी धोक्याची बाजू कणकुंबी-जांबोटीच्या रानातून येणाऱ्या लाइनवर दिसते. झाड पडून ११ केव्हीची तार तुटली आणि कोरड्या कातळावर पडली तर अर्थला जेमतेम काही अँपिअर जातात. सबस्टेशनचा रिले ते लोडपासून वेगळं काढू शकत नाही, फीडर चालूच राहतो. तार जमिनीवर पडली म्हणजे करंट गेला असेल, असं कधीही धरू नका. तुमच्या पाड्यावर, शेतावर, कारखान्याच्या कुंपणाबाहेर अशी तार दिसली तर लांब राहून फोन करा आणि लाइनमन येईपर्यंत माणसं, जनावरं रोखून धरा.

पुढच्या वेळी व्हीसीबी किंवा एसीबी पडला की पहिली गोष्ट म्हणजे कुणालाही रिसेट दाबू देऊ नका. डिस्प्लेवर फॉल्टच्या वेळचे तिन्ही फेजचे आणि अर्थचे करंट साठवलेले असतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ लिहा, मगच रिसेट. ही सूचना पॅनेलच्या दारावर मराठी आणि कन्नड दोन्हीत चिकटवा. रात्रपाळीला खानापूर-चंदगडचा ऑपरेटर असेल की गोकाक-बैलहोंगलचा, हे आधी सांगता येत नाही. तो फोटो, ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट, व्हीसीबीच्या सीटीचा रेशो, एसीबीच्या रिलीजवरची डायलची स्थिती आणि मेन अर्थ पट्टीवरचा दुपारचा टॉंग टेस्टरचा आकडा, एवढं इथे टाका. फीडरवार सेटिंगचं टेबल त्यावरून करून देतो.